विजापूर दीड दिवसात, आणि आईचे गुडघे

पायवाट

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आई-बाबांना आणि लेकीला घेऊन विजापूरला जायचं ठरतंय. गुरुवारी रात्री सोलापूरमार्गे पोचू, शनिवारी दुपारी परत निघायचं. म्हणजे हातात अख्खा शुक्रवार आणि शनिवारची सकाळ.

माणसं चार आणि चौघांच्या चार तऱ्हा. बाबांनी जन्मभर शिवकाल वाचलाय. त्यांना आदिलशाही दरबार कुठं भरायचा, शहाजीराजे ज्या वाड्यांतून वावरले ते आज कसे दिसतात, हे बघायचंय. लेक सोळाची. वही-पेन्सिल घेऊन फिरते आणि एका खिडकीसमोर तासभर बसू शकते. मी या दोघांच्या मधली, म्हणजे गाडी, जेवण, पाण्याच्या बाटल्या बघणारी. आणि आई. तिचे दोन्ही गुडघे गेलेत. सपाटीवर सावकाश चालते, चार-सहा पायऱ्या कठड्याला धरून चढते, त्यापलीकडे नाही. गोलघुमटाला वर जायला सात मजले चढावे लागतात असं वाचलं तेव्हापासून ती म्हणतेय, "तुम्ही जा, मी खाली बसते." हे "मी खाली बसते" मला नको आहे. प्रत्येक सहलीत ती कुठंतरी खाली बसलेली असते, पर्सा सांभाळत.

नेटवर याद्या ढिगानं आहेत. सगळ्यांत तीच ठिकाणं आणि प्रत्येकापुढं "अवश्य भेट द्या". सगळंच अवश्य असेल तर गाळायचं काय? मला तेच विचारायचंय. काय सोडलं तर चालेल, कोणत्या क्रमानं बघावं, आणि गोलघुमटाला आईनं काय करावं?

ओळंबा

आधी आईंचं बघू, कारण तुमच्या प्रश्नातला सगळ्यात सोपा भाग तोच आहे. गोलघुमटातली बघण्यासारखी मुख्य गोष्ट खालूनच दिसते. वर जाणाऱ्यांना ती दिसत नाही, ते तिच्या डोक्यावर उभे असतात.

मी बांधकामावर आयुष्य काढलेला माणूस. इतिहासातलं तुमच्या बाबांना सांगावं एवढी माझी पात्रता नाही, तेव्हा मी आपला दगड-चुन्यापुरतं बोलतो.

घुमट बांधणाऱ्याची खरी डोकेदुखी घुमट नसते. खोली चौकोनी आणि घुमट गोल, ही डोकेदुखी असते. चौकोनाच्या चार कोपऱ्यांत घुमटाखाली काहीच येत नाही, तिथं आधार कसा द्यायचा? गोलघुमटातली खोली आतून एका बाजूला सुमारे १३५ फूट आहे. जमीन धरली तर १८ हजार चौरस फुटांच्या वर, आणि मधे एकही खांब नाही. आता खोलीच्या मध्याकडे जाऊन वर बघायचं. भिंतींतून आठ प्रचंड कमानी निघतात आणि एकमेकींना छेदत वर जातात. रांगोळीत एका चौकोनावर दुसरा चौकोन तिरका टाकला की आठ टोकांची चांदणी होते ना, नेमकी तीच आकृती, फक्त दगडात आणि उभी. त्या छेदांमुळं कोपरे भरत येतात आणि वर पोचेपर्यंत चौकोनाचं वर्तुळ झालेलं असतं.

पुढची चलाखी अशी, की घुमट त्या वर्तुळाच्या अगदी कडेवर बसवलेला नाही. तो थोडा मागे सरकून उभा आहे. मागे सरकल्यामुळं आतल्या बाजूला दहा-अकरा फुटांची जी पट्टी मोकळी राहिली, तोच तो कुजबुजीचा सज्जा. लोकांना वाटतं सज्जा आवाजाची गंमत करण्यासाठी केला. मला विचाराल तर तो त्या रचनेतून आपोआप सुटलेला आहे. घुमटाचं वजन भिंतींना बाहेर रेटतं. कमानींमधलं जे बांधकाम आत झुकून लोंबतंय त्याचं वजन भिंतींना आत ओढतं. दोघांची खेचाखेची जुळली, म्हणून १६५६ सालापासून ते उभं आहे. हा सगळा मामला जमिनीवरून दिसतो. आईंना दुर्बीण द्या. साधी पुरते. तुम्ही वर जाऊन येईपर्यंत त्यांनी एकेक कमान भिंतीपासून वरपर्यंत डोळ्यांनी चढायची, आणि ती दुसऱ्या कमानीला कुठं छेदते ते शोधायचं. तुम्ही धापा टाकत खाली याल तेव्हा त्या तुम्हाला समजावून सांगतील. जोत्याच्या आणि दाराच्या थोड्या पायऱ्या आहेत, तेवढ्या सावकाश चढाव्या लागतील.

मधल्या चौथऱ्यावर ज्या कबरी दिसतात त्या वरच्या, दाखवायच्या. महंमद आदिलशाहाची खरी कबर खाली तळघरात आहे. दक्षिणेच्या दाराशी एक दगड टांगलेला दिसेल, त्याला बिजली पत्थर म्हणतात आणि तो इमारतीला विजेपासून वाचवतो अशी समजूत आहे. समजूत आहे, एवढंच म्हणतो. मी त्याच्या भरवशावर तडितवाहक बसवायचा सोडला नसता.

आता क्रम. माझं मत ठाम आहे आणि बऱ्याच जणांना ते पटत नाही. इमारती ज्या क्रमानं बांधल्या गेल्या त्या क्रमानं बघा. जामा मशीद, मग इब्राहिम रोजा, सगळ्यात शेवटी गोलघुमट. सगळे उलटं करतात. आल्या आल्या गोलघुमट बघतात, आणि मग बाकीचं सगळं लहान वाटायला लागतं.

जामा मशीद पहिल्या अली आदिलशाहानं सुरू केली, १५६५ च्या तालिकोटच्या लढाईनंतर. विजयनगर पडलं, लूट आली, त्या पैशाचं बांधकाम. तिच्या मुख्य घुमटाखाली उभं राहून वर बघितलं की याच छेदणाऱ्या कमानी दिसतात, गोलघुमटाच्या निम्म्याहून लहान मापात. म्हणजे पुढं जे करायचं होतं त्याचा हात इथं बसलेला आहे. हे आधी बघितलं की गोलघुमटात गेल्यावर डोळा आपोआप कमानींकडं जातो, नुसता "बापरे केवढं मोठं" असं होत नाही. मशीद पुरी झाली नाही. पूर्वेकडचे मिनार राहूनच गेले. आत जमिनीवर नमाजाच्या जागांचे चौकोन आखलेत, २,२५० म्हणतात. मिहराबावर, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्यावर, सोनेरी आणि रंगीत काम आहे, ते नंतरचं, १६३६ चं. लेकीला ते आवडेल.

पण तिची खरी जागा इब्राहिम रोजा. तिथं तिला सोडा आणि दोन तास नाव काढू नका. एकाच चौथऱ्यावर समोरासमोर कबर आणि मशीद, मधे कारंजं आणि हौद. भिंतींवर अक्षरं कोरलेली, आणि खिडक्यांच्या जाळ्यासुद्धा अक्षरांच्याच. दगड पोखरून अक्षरांमधली जागा काढून टाकलीय, म्हणजे उजेड आत येतो तो अक्षरांच्या फटींतून येतो. आत अंधार असतो, डोळे सरावायला वेळ लागतो, आणि घाईतली माणसं तेवढ्यात बाहेर पडतात. डोळे सरावले की छत बघा. सुमारे ४० फुटी चौरस खोली आणि वर दगडी छत, कडेनं वळत आलेलं आणि मधे जवळजवळ सपाट. खाली खांब नाही. सपाट दगडी छत खांबाशिवाय एवढं कसं राहिलं, हे मी खाली उभा राहून पुष्कळ बघितलंय आणि दर वेळी मान दुखायला लागेपर्यंत बघतो. बाहेरून जो घुमट दिसतो त्याचा या छताशी संबंध नाही, दोघांच्या मधे पोकळी आहे.

तिथल्या मशिदीच्या छज्ज्याला दगडी साखळ्या लोंबत्या आहेत. एका दगडातून कोरलेल्या, कडीत कडी. पुष्कळशा तुटल्यात. ज्या उरल्यात त्यांच्या खाली उभं राहून कडीचा आतला भाग बघायचा. छिन्नी आत कशी फिरवली असेल? बाहेरची बाजू कुणीही घासून गुळगुळीत करील, आतली बाजू कारागीर सांगते.

गाळायचं काय, तर जोड गुंबद आणि लहानसहान कबरी गाळा. वाईट नाहीत, पण दीड दिवसात नाहीत.

बुरुजावरून

ओळंबाकाका, तुमचं सगळं पटलं, क्रम सोडून. शुक्रवारी उजाडताच गोलघुमट गाठा असं मी म्हणेन. कारण शनिवार. शनिवारी शाळांच्या सहली असतात, आणि त्या सज्ज्यात पन्नास पोरं एकदम आरोळ्या मारतात. त्या गोंगाटात कुजबूज कसली ऐकू येणार, स्वतःचा विचारसुद्धा ऐकू येत नाही. मी तिथून कानांवर हात ठेवून खाली आलेलो आहे.

सज्जा रिकामा असेल तर मात्र त्यासारखं सुख नाही. एकानं भिंतीला तोंड लावून हळू बोलायचं, दुसऱ्यानं बरोबर समोरच्या भिंतीला कान लावायचा. मधे घुमटाची पूर्ण पोकळी. शब्द न् शब्द पोचतो. टाळीचा प्रतिध्वनी कुणी सात वेळा सांगतं, कुणी दहा. एकच टाळी वाजवा आणि थांबा. लोक थांबत नाहीत, लगेच दुसरी वाजवतात, मग काय मोजणार?

जिने चार कोपऱ्यांच्या अष्टकोनी मनोऱ्यांत आहेत, अरुंद आणि उंच पायऱ्यांचे. बाबांचं वय किती? त्यांनाही विचारून घ्या.

ओळंबा

शनिवारच्या गर्दीचं खरं आहे. पण सहलीच्या बसा उजाडताना येत नाहीत. सकाळी दार उघडताच आत गेलात तर सज्जा मोकळा मिळतो, वार कोणता का असेना. आणि शुक्रवारी गोलघुमट केला तर संग्रहालय जाईल. समोरच्या नक्कारखान्यात संग्रहालय आहे, त्याला शुक्रवारी सुटी असते. बाबा संग्रहालय सोडतील असं मला वाटत नाही.

शुक्रवारचा दुसरा मुद्दा जामा मशिदीचा. ती चालती मशीद आहे, दुपारी जुम्म्याची नमाज असते. सकाळी लवकर जाऊन अकराच्या आत बाहेर पडा. चपला बाहेर, डोक्यावरून ओढणी घेतलीत तर बरं दिसतं.

पायवाट

शुक्रवारचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, बरं झालं सांगितलंत. बाबा पंचाहत्तरचे आहेत आणि जिना चढणार म्हणजे चढणार, त्यावर चर्चा होत नाही.

आईला दुर्बिणीचं वाचून दाखवलं. म्हणाली, "हा माणूस बरा दिसतोय." पुढचं वाक्य मात्र, "पण त्या घुमटात पाणी कुठून आणायचे ते विचार." आईचं बालपण पाण्याच्या ओढाताणीत गेलंय, कुठल्याही किल्ल्यावर गेलं की तिचा पहिला प्रश्न टाक्याचा. कुणाला माहीत आहे का?

आणि बाबांचा प्रश्न: अफझलखानाच्या बायकांच्या कबरी खरंच आहेत का?

हौदकाठ

आईंना माझा नमस्कार सांगा. विजापुरात हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, आणि खरं तर तो पहिला विचारायला हवा. या भागात पाऊस जेमतेम. मोठी नदी गावात नाही. तरी इथं एवढं मोठं शहर दोनशे वर्षं राजधानी म्हणून नांदलं.

पाणी बाहेरून आणलं होतं. पश्चिमेला तोरवीकडून जमिनीखालून नळ आणले. पुढं महंमद आदिलशाहानं शहराच्या दक्षिणेला बेगम तलाव बांधला, १६५१ च्या सुमारास, आणि त्याचं पाणी मातीच्या नळांतून शहरात खेळवलं. वाटेत ठिकठिकाणी दगडी मनोरे आहेत, त्यांना गंज म्हणतात. पाणी त्यात चढतं, दाब उतरतो, गाळ खाली बसतो आणि पुढच्या नळात वरचं पाणी जातं. हे मनोरे अजून दिसतात, रस्त्याच्या कडेला, घरांच्या मधे. त्यांच्यापुढं "अवश्य भेट द्या" असं कुणी लिहिलेलं नाही. रिक्षावाल्याला विचारलंत तर एखादा दाखवील, एखादा म्हणेल हे काय बघायचं.

आईंसाठी ताज बावडी ठेवा. इब्राहिम रोज्याच्या वाटेवर शहराच्या पश्चिम भागातच आहे, वेगळी चक्कर पडत नाही. १६२० ची. ताज सुलताना ही दुसऱ्या इब्राहिमची राणी, तिच्या नावानं. रस्त्यावरून एका भल्यामोठ्या कमानीतून आत पाऊल टाकलं की समोर चौकोनी तलाव, एक बाजू दोनशे फुटांहून जास्त. दोन्ही अंगांना अष्टकोनी मनोरे. पाणी बघायला खाली उतरायची गरज नाही, कमानीतूनच सगळं दिसतं. मधली कित्येक वर्षं तिची फार दुर्दशा होती, कचरा आणि शेवाळ. नंतर गाळ काढून साफ केली. तुम्ही जाल तेव्हा कशी असेल ते त्या वर्षीच्या पावसावर आणि पालिकेच्या मर्जीवर.

चांद बावडी तिच्याहून जुनी, १५७९ ची, पहिल्या अलीनं चांदबिबीच्या नावानं बांधलेली. वेळ असेल तर.

आणि ज्यांच्या घरी पाण्याचे हाल झालेत त्यांना आणखी एक गोष्ट दिसेल. इब्राहिम रोजात, असर महालापुढं, गगन महालाच्या आसपास, जिथं जाल तिथं हौद आहेत. कोरडे असले तरी त्यांच्या कडा, पाणी सोडायची भोकं, कारंज्याचा खांब हे सगळं जागच्या जागी असतं. आम्ही जातो आणि इमारतीचा फोटो काढतो. हौद पायाखाली राहतो.

बुरुजावरून

बाबांच्या कबरींबद्दल. साठ कबर म्हणून जागा आहे, शहराच्या बाहेर. एकाच घडणीच्या कबरी ओळीनं, आणि जवळ विहीर. गोष्ट अशी सांगतात, की प्रतापगडाकडं निघण्याआधी ज्योतिष्यानं खानाला परत येणार नाहीस म्हणून सांगितलं, आणि मागं राहिलेल्या बायका दुसऱ्याच्या हाती लागू नयेत म्हणून त्यानं त्यांना विहिरीत लोटलं. कबरी आहेत हे खरं. गोष्टीला आधार म्हणाल तर सांगोवांगीच. आमच्याबरोबर एक वाटाड्या होता, तो ही गोष्ट इतक्या तपशिलानं सांगत होता की जसा काही विहिरीच्या काठावर उभा होता.

बाराकमान म्हणजे दुसऱ्या अली आदिलशाहाची अर्धवट राहिलेली कबर. तिथंही हाच वाटाड्या म्हणाला, की अलीला आपल्या कबरीची सावली गोलघुमटावर पाडायची होती म्हणून त्याचा खून झाला. नकाशा काढून बघा. बाराकमान आणि गोलघुमट यांच्यात केवढं अंतर आहे! तो १६७२ साली वारला आणि काम थांबलं, एवढंच. पण काळ्या दगडाच्या त्या उघड्या कमानी, वर छत नाही, काही नाही, हे मला पुऱ्या झालेल्या पुष्कळ इमारतींपेक्षा आवडतं. आईंना आत चालत जाता येईल, चौथऱ्याच्या पायऱ्या तेवढ्या बघून घ्या.

ओळंबा

बाराकमान अवश्य बघा, आणि लेकीला दाखवा की बांधकाम अर्धवट राहिल्यामुळं आपल्याला कमानीचा सांगाडा बघायला मिळतो. पुरी झालेली इमारत आपलं पोट कधी उघडं करत नाही.

साठ कबर मी तुमच्या वेळापत्रकात बसवणार नाही. बाबा नाराज झाले तर त्यांना दोन गोष्टी देतो.

पहिली गगन महाल. पहिल्या अलीचा, १५६१ चा. आता उरलीय ती एक प्रचंड कमान आणि तिच्या दोन बाजूंना दोन अरुंद. मधली कमान साठ फुटांच्या आसपास रुंद आहे. दरबार इथं भरायचा. लोक समोरच्या मैदानातून बघत आणि शाह कमानीत बसलेला दिसे, म्हणून ती एवढी रुंद. बाबांना जिथं उभं राहायचंय ती जागा हीच. १६८६ मध्ये औरंगजेबानं शहर घेतलं आणि सिकंदर आदिलशाहाला, शेवटच्याला, त्याच्यापुढं उभं केलं. चांदीच्या बेड्या घालून आणलं असं सांगतात.

दुसरी मुलूखमैदान तोफ. निवडणुकीत ज्या त्या वक्त्याला चिकटवतात ती. पश्चिमेच्या तटावर शेरजा बुरुजावर आहे. तिची जन्मकथा बाबांच्या पोथीतली आहे. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली, निजामशाहासाठी. मग परांड्याच्या किल्ल्यात होती. १६३२ मध्ये मुरार जगदेवानं ती विजापूरला आणली. पुण्यावर गाढवाचा नांगर फिरवला म्हणून ज्याचं नाव निघतं तोच हा. वजन ५५ टनांच्या आसपास. त्या काळच्या रस्त्यांवरून परांड्याहून इथवर कशी ओढली, हे डोळ्यांपुढं आणून बघा. तोंडाला सिंहाचा जबडा आहे आणि जबड्यात हत्ती चिरडला जातोय. लेकीनं समोरून नाही, एका बाजूला बसून काढावं, हत्ती तिथून नीट दिसतो. इंग्रजांच्या काळात १८५४ साली तिचा भंगार म्हणून लिलाव झाला, १५० रुपयांना गेली, आणि मग कुणा अधिकाऱ्याला शहाणपण सुचून तो सौदा रद्द झाला.

जवळच उपळी बुरूज आहे, १५८४ चा, सुमारे ८० फूट उंच, पायऱ्या बाहेरून वळसा घालत जातात. वरून अख्खं गाव आणि दूरवर गोलघुमट दिसतो. आईंना हा चढायचा नाहीच, पण बाबांनाही खालीच थांबवता आलं तर बघा, कारण दुसऱ्या दिवशी त्यांना घुमट चढायचाय. दोन्ही चढले तर शनिवारी गाडीत त्यांची कुरकुर तुम्हाला ऐकावी लागेल.

तेव्हा असं करा. शुक्रवारी सकाळी जामा मशीद. तिथून महेतर महाल जवळ आहे. तो महाल नाही, मशिदीचं दार आहे, पण सज्जाखालचे दगडी ब्रॅकेट लाकडात कोरावेत तसे बारीक कोरलेत. दहा मिनिटांचं काम. मग असर महाल बाहेरून, पुढचे चार उंच सागवानी खांब आणि समोरचा हौद बघायला. मग गगन महाल, बाराकमान. ऊन चढलं की खोलीवर जाऊन झोपा. मी गंमत करत नाही. दुपारी दगड तापतात आणि अनवाणी चालायची वेळ येते. चारनंतर ताज बावडी, तोफ, आणि शेवटी इब्राहिम रोजा, अंधार होईपर्यंत. पश्चिमेकडचं ऊन तिरकं येतं तेव्हा कोरीवकामात सावल्या पडतात आणि अक्षरं उठून दिसतात. दुपारी बारा वाजता तीच भिंत सपाट वाटते. शनिवारी पहाटे गोलघुमट, मग संग्रहालय, मग गाडी.

पायवाट

हे छापून बाबांच्या खिशात ठेवते. गंज लेकीनं आधीच नकाशावर शोधायला घेतलेत, आईसाठी.

शेवटचं एक विचारते. तोफेवर औरंगजेबाचा लेख आहे असं बाबा म्हणतात. तो दिसतो का, की झिजलाय? आणि तिथपर्यंत आईला पोचता येईल का?

बुरुजावरून

आहे. शहर घेतल्याची नोंद त्यानं तोफेवर कोरून घेतली, जुन्या लेखाशिवाय वेगळी. फारसी आहे, आपल्याला वाचता येत नाही, पण अक्षरं उठावाची आहेत, बोटांना लागतात. धातू उन्हात भयंकर तापतो, म्हणून संध्याकाळीच जा. बुरुजावर जायला पायऱ्या आहेत, आईंच्या हिशेबात बसतील असं वाटत नाही. त्या वेळात त्यांना ताज बावडीच्या कमानीत बसवा. रिक्षा एकच ठेवा आणि त्यालाच सांगा, आधी त्यांना तिथं सोड, मग आम्हाला तोफेवर. अंतर थोडंच आहे. बुरुजावर सावली नाही. टोपी न्या.